खालच्या खोलीपर्यंत

आमच्या कंप्युटरच्या हॉलची फरशी दुहेरी होती. वरचे चौकोन उचलले की खाली वायरी, आणि वायरींच्या मधे काय काय सापडायचं. पेन्सिली, शर्टाची बटणं, केसांच्या पिना, एकदा तर अख्खं वाळलेलं संत्रं. मुद्दाम कोणी टाकलेलं नसायचं. माणसं वरून चालत राहतात, खाली साठत राहतं. माझ्याजवळचे किस्से तसेच साठले. आता नोकरी संपली, बायको सारा गेली, घरात बोलायला रेडिओ आहे, पण तो माझं ऐकत नाही. तेव्हा म्हटलं, तुमच्याबरोबर बसून एकेक फरशी उचलू.

आधी ओळख करून देतो. मुंबईत मी मोटारीच्या वर्कशॉपात हेल्पर होतो. शाळा मराठी चौथीपर्यंत. इथे, आम्हा ज्यू लोकांच्या देशात, आल्यावर थोडी वर्षं डिमोनाला काढली, मग लोदला आलो. लोदच्या आमच्या कारखान्यात शेतीचे पंप आपोआप चालू-बंद करणारी यंत्रं बनायची. त्या यंत्रांना अक्कल देणारी मंडळी कंप्युटरच्या हॉलमध्ये बसायची. मी तिथे छपाईच्या कागदाचे खोके आणायचो, टेपा कपाटात लावायचो, चहा करायचो, फरशी पुसायचो.

मंडळींत एक ऊरी. डिमोनाचा, इथेच जन्मलेला, आईबाप पेणकडचे. त्याला मराठी सगळी कळायची पण जिभेवर हिब्रू. मी मराठीत विचारायचो, तो हिब्रूत सांगायचा, दोघांचं छान जमायचं. मला शालोमकाका म्हणायचा. त्यातलं 'काका' एवढंच त्याचं मराठी. दुसरा त्स्वी, आमचा साहेब. रुमानियाहून आलेला, पोट मोठं, तोंड तिखट, मन गोड.

* * *

त्यांच्याकडे 'मेक' नावाचा एक प्रोग्राम होता. सारखं मेक, मेक ऐकून मी ऊरीला विचारलं, हा मेक कोण आहे बाबा?

ऊरीनं चहा घेतला आणि शांतपणे समजावलं. कंप्युटरच्या आत एकात एक अशा खोल्या असतात. तो डिरेक्टरी म्हणायचा, मी खोलीच म्हणतो. प्रत्येक खोलीच्या दाराला जणू एक चिठ्ठी लावलेली. तिचं नाव मेकफाईल. तीत लिहिलेलं असतं, याच्यापासून ते बनवा, त्याच्यापासून हे. वरच्या खोलीतला मेक आपलं काम करतो आणि खालच्या प्रत्येक खोलीत जाऊन आणखी एक मेक उठवतो. तो त्याच्या खालच्या खोलीतला उठवतो.

मी म्हटलं, आमच्या वर्कशॉपातही असंच होतं. मोठा मुकादम, त्याच्या हाताखाली धाकटा, त्याच्या हाताखाली आम्ही.

"बरोबर तसंच," ऊरी म्हणाला.

आता गंमत ऐका. मेकला काम सांगताना जोडीला एखादं म्हणणं सांगता येतं. त्याला ऑप्शन म्हणायचं. एका सकाळी त्स्वीनं मेकला सांगितलं, आज सगळं बनवताना चूक शोधायची सोय आत घालून बनव. यंत्र दिवसभर घुरघुरत बसलं. संध्याकाळी त्स्वी चूक शोधायला गेला तर ती सोय फक्त वरच्या खोलीतल्या मालात. खालच्या खोल्यांत काही नाही.

त्स्वी ओरडला, मी सांगितलं होतं की!

ऊरी म्हणाला, तुम्ही वरच्याला सांगितलंत. एका अक्षराचे ऑप्शन तो आपोआप खाली पोचवतो. एवढं लांब म्हणणं नाही पोचवत. ते प्रत्येक खोलीच्या चिठ्ठीत हातानं लिहावं लागतं, की तुला जे सांगितलं ते खालच्यालाही सांग.

त्स्वी म्हणाला, "माझ्या सासूला इथे नोकरीला लावा. तिच्या कानात काहीही सांगा, सगळ्या गल्लीत पोचतं."

* * *

ते एका अक्षराचे ऑप्शन मला फार आवडायचे. मायनस एस म्हणजे काम कर पण बोलू नकोस. मायनस के म्हणजे एका ठिकाणी अडलं तरी बाकीचं चालू ठेव. आणि मायनस एन म्हणजे नुसतं सांग, करू नकोस. मेकला मायनस एन सांगितलं की तो काय काय केलं असतं ते ओळीनं म्हणून दाखवतो. आता हे घेतो, आता ते जोडतो, आता तिकडे जातो. हात मात्र लावत नाही.

हॉलमध्ये मंडळींनी सगळ्यांना ही नावं ठेवली होती. मी मायनस एस. चहा टेबलावर यायचा, कोणी आणला ते कळायचं नाही. ऊरी मायनस के, कारण ताप अंगात घेऊन कामावर यायचा.

मी चहा करायचो त्या खोपटात हिवाळ्यात बोटं आखडायची. त्स्वीनं मला हीटर कबूल केला होता. अगदी तपशिलानं. कुठला आणणार, कुठे ठेवणार, वायर कुठून ओढणार. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा तेच, वायर कुठून ओढणार तेसुद्धा. त्या दिवशी ऊरी भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "काका, हात गरम करून घ्या. साहेब मायनस एनमध्ये आहेत."

त्स्वी स्वतःच इतका हसला की डोळे पुसायला लागला. हीटर काही आला नाही.

* * *

माझ्या घरात मायनस एस म्हणजे सारा. अख्खा जन्म काम केलं, बोलली थोडं. एका गोष्टीबद्दल मात्र बोलायची, ती मलिद्याबद्दल.

आमचा डॅनी लहान असताना मुंबईत त्याला विषमज्वर झाला होता. साऱ्यांनी आशा सोडली. तेव्हा सारानं आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस केला की पोर उठला तर दर वर्षी तू बिशवातला, म्हणजे झाडांच्या सणाला, त्याच्या नावानं मलिदा करीन. पोर उठला. सारानं मलिदा एकदाही चुकवला नाही. डिमोनाला नारळ मिळत नव्हता तेव्हा सुकं खोबरं घालून केला. पोहे भिजवायचे, साखर-खोबरं कालवायचं, ताटात डोंगर रचायचा, भोवती फळं मांडायची, प्रार्थना म्हणायची आणि मग वाटायचा. तिचं म्हणणं एकच, मलिदा शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्याच, पण घरातल्या एकाच्या तरी हातावर पडला पाहिजे, नाहीतर नवस पुरा होत नाही. घरातला म्हणजे पोर किंवा पोराचं पोर. आपल्या दोघांना त्यात धरायचं नाही, आपण देणारे.

जाताना मला हेच सांगून गेली. मी हो म्हटलं.

डॅनी हैफाला, बंदरात नोकरीला. त्याची बायको इलाना मोरोक्कोकडच्यांची, भली बाई. मुलगी मीखल. सारा होती तोवर दर सणाला, धावतपळत का होईना, कोणीतरी यायचं. सारा गेल्यावर पहिल्या सणाला मी डॅनीला आधीपासून सांगून ठेवलं. "केन, केन, पप्पा," म्हणजे हो, हो. कधी निघणार, कुठली बस, सगळं बोलला. आला नाही. बंदरात जहाज अडकलं होतं, खोटं नाही बोलत तो.

पुढे पेसाखच्या सणाला भेट झाली तेव्हा मी मीखलला माझ्या मोडक्या हिब्रूत विचारलं, मलिद्याला का नाही आलीस? ती म्हणाली, कधी होता? मला कोणी सांगितलंच नाही, सबा. सबा म्हणजे आजोबा.

इलानाला विचारलं. तीही म्हणाली, डॅनी बोलला नाही.

मी डॅनीकडे बघितलं. तो ताटात बघत होता. मला एकदम ऊरीची मधली खोली आठवली. झालं काय होतं, की त्स्वीच्या त्या भानगडीनंतर ऊरीनं सगळ्या खोल्यांच्या चिठ्ठ्यांत ती ओळ लिहिली, खालच्यालाही सांग म्हणून. मधल्या एकीत राहिली. त्या खोलीनं स्वतः ऐकलं, स्वतःचं काम चोख केलं. तिच्या खालच्या सगळ्या खोल्या कोऱ्या. ऊरीला ती सापडेना, कारण दोष असलेली खोली बघायला अगदी धडधाकट.

मी डॅनीला आणखी भात वाढला.

* * *

मायनस एनवर भरवसा ठेवून त्स्वी एकदा फसला तो किस्सा हॉलमध्ये पुढे कितीतरी दिवस चालला.

जुनी चिठ्ठी कोणीतरी बदलली होती. त्स्वी म्हणाला, आधी नुसतं बघू हा काय करणार आहे ते. त्यानं मायनस एन लावून मेक चालवला. मेक ओळीनं म्हणून दाखवू लागला. त्स्वी खूश. म्हणून संपलं, त्यानं खालच्या खोलीत डोकावलं तर खोली रिकामी. बनवून ठेवलेला माल सगळा पुसलेला.

त्स्वीचा आवाज चहाच्या खोपटापर्यंत आला. "मी म्हटलं होतं नुसतं सांग! नुसतं सांग!"

ऊरीनं चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला. वरच्या मेकला नुसतं सांगायचं असलं तरी खालच्या मेकला उठवायला त्याला खरोखर जावंच लागतं. नाहीतर खालचा आपलं कसं म्हणून दाखवणार? म्हणून जी ओळ खालच्याला उठवते ती मायनस एनमध्येसुद्धा खरी चालते. आणि त्याच ओळीत कोणीतरी आधी लिहून ठेवलं होतं, की खोली झाड आणि मग खालच्याला उठव. ओळ एक, मग चालणार तीही अख्खी. तो गेला आणि जाता जाता झाडून गेला.

त्स्वी खुर्चीत बसला. त्याला चहा दिला. अर्धा पेला पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे या कारखान्यात कोणीतरी सांगितल्याशिवाय काम करतो. मला त्याचं नाव सांगा, मला त्याला हीटर आणायला पाठवायचंय."

* * *

साराशिवायचा दुसरा मलिदा मी एकट्यानं केला. डॅनीला दोनदा सांगितलं होतं. या खेपेला इलानाची आई आजारी पडली.

घरात टेबलाशी बसून प्रार्थना म्हटली. गाणं म्हणायला गेलो, पण ते चार माणसांत म्हणायचं गाणं आहे, एकट्याचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. शेजारी एक जॉर्जियाहून आलेली बाई राहते, तिला वाटीत दिला. तिनं वास घेतला, हसली, दार लावलं. ताट तसंच. बसून बघत राहिलो. मग फडक्यात बांधून कारखान्यात घेऊन गेलो.

हॉलमध्ये खाण्याची सक्त मनाई, तशी पाटीच होती आणि ती त्स्वीनंच लावलेली. मी खोपटात वाटायला बसणार तोच सगळे आत घेऊन या म्हणाले. एकेकाच्या हातावर मूठ ठेवली. कोणी पडद्यावरची नजर काढली नाही, पण हात पुढे आले. ऊरीनं मात्र उठून, टोपी घालून घेतला. त्याच्या आईनं शिकवलं असणार. खाताना म्हणाला, आईचा गोड असतो याहून.

त्स्वीनं मूठ तोंडात टाकली आणि टाईप करत सुटला. एक पोहा कीबोर्डमध्ये पडला आणि एक बटण खाली जाईना. त्यानं कीबोर्ड उलटा केला, आपटला, पुन्हा आपटला. पोहा बाहेर आला. मी फडकं घेऊन धावलो. त्यानं मला हातानं थांबवलं, तो पोहा उचलला आणि खाल्ला.

"तुमच्या नबीचा आहे ना," म्हणाला. "टाकून कसा चालेल?"

संध्याकाळी रिकामं ताट धुताना मी साराला सांगितलं, सगळा संपला. पुढचं तिनं विचारलं नाही. पण विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? घरातलं त्यांत कोणीच नव्हतं.

* * *

आता शेवटचा.

त्यानंतरच्या वर्षी माझी नोकरी संपली. मंडळींनी निरोप दिला, त्स्वीनं भाषण केलं आणि सगळ्यांदेखत हीटर दिला. खरा. मी तो घरी आणला, आता खोली गरम असते.

सण जवळ आला. आमच्याकडे फोन नाही, अर्ज करतात लोक, वर्षं जातात. शनिवारचा शब्बाथ सुटल्यावर मी कोपऱ्यावरच्या फोनच्या डब्याशी गेलो. भोकाची नाणी असतात फोनची, असिमोन म्हणतात, ती खिसाभर घेतली. डॅनीनं उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, घरात सगळे असावेत.

मी विषय काढायच्या आधीच तो म्हणाला, "पप्पा, या वर्षी पण नाही जमणार. ड्युटी बदलली."

आवाजात त्रास होता त्याच्या. मला वाटलं, याला आणखी कशाला टोचायचं. पण फोन खाली ठेवावासा वाटेना. नाणी होती खिशात. मी म्हटलं, "डॅनी, येऊ नकोस. नुसतं सांग."

"काय सांगू?"

"येणार असशील तर कसा येशील ते. ओळीनं सांग. मला ऐकायचंय."

एक असिमोन आत पडला. मला वाटलं रागावला. मग तो बोलायला लागला, मराठीत, हळूहळू, लहानपणी पाढे म्हणायचा तसा.

"सकाळी लवकर उठतो. इलाना आणि मी पहिल्या बसनं निघतो. तेल अवीवला बदलतो. लोदला स्टँडवर उतरतो. चालत येतो, टॅक्सी करत नाही, तुम्ही ओरडता म्हणून."

"हां."

"इलाना फुलं आणते. मी केळी, संत्री घेतो. मीखल आमच्याबरोबर नाही, ती तिच्या लष्कराच्या छावणीतून परस्पर येते. छावणी जवळच आहे तिची. येताना ती खजूर आणते. बियांसकटचे, डबीतले नाही. आईला तेच लागायचे."

"तेच लागायचे," मी म्हटलं.

"दुपारी पोचतो. तुम्ही पोहे भिजवलेले असतात. मी टोपी घालतो. तुम्ही पहिली मूठ माझ्या हातावर..." तिथेच तोडून म्हणाला, "पप्पा, झालं. एवढंच."

मी म्हटलं, छान सांगितलंस, बाळ. माझं शेवटचं नाणं पडलं आणि फोन बंद झाला.

सणाच्या दिवशी पाऊस होता. मी मलिदा करायचा नाही असं ठरवलं होतं. कोणासाठी करायचा? पोहे डब्यात, खोबरं कपाटात. हीटर लावून बसलो आणि साराच्या खुर्चीकडे बघत नुसतं म्हणून दाखवलं. आता पोहे निवडतो. आता पाणी घालतो. आता निथळत ठेवतो. आता खोबरं किसतो. हात मांडीवर. तिला चाललं असेल, नसेल, मला माहीत नाही.

ताट मांडतो म्हणेपर्यंत दार वाजलं. जॉर्जियावाली असेल म्हणून उघडलं.

मीखल होती. लष्कराच्या कपड्यांत, बूट चिखलानं भरलेले, केसांतून पाणी गळतंय. मी काही विचारायच्या आत ती आत डोकावली. टेबल रिकामं, खुर्च्या रिकाम्या. हिब्रूत म्हणाली, "अबा आणि इमा अजून पोचले नाहीत?"

आईबाप हैफाला होते, आपापल्या कामावर.

"मी त्या दिवशी सुट्टीवर घरी होते," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. अबा तुमच्याशी बोलत होता ते ऐकलं. सगळं नाही कळलं, पण माझं कळलं. दुपारची सुट्टी मागून घेतली."

तिनं कोटाची बटणं काढली आणि आतून एक कागदी पुडी काढून टेबलावर ठेवली. पुडी कोरडी होती. मी पोह्यांचा डबा उतरवला. तो तिनं माझ्याकडून घेतला आणि पाण्यासाठी पातेलं शोधू लागली.

"बघून घ्या, सबा," पाठमोरीच म्हणाली. "बियांसकटचेच आणलेत. डबीतले नाहीत."